नेब्रास्काचे फुटबॉल प्रशिक्षक आणि प्रेक्षकांची नाराजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन आणि ओमाहा या शहरांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने येणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांसाठी राहायला येणारे आईवडील सप्टेंबर महिना सरता सरता साधारण हेच प्रश्न विचारतात. मी या गावात बरीच वर्षे राहतो, लाल सदरा घालून स्टेडियममध्ये बसतो आणि प्रत्येक पराभवानंतर रात्री उशिरापर्यंत जागाही राहतो. त्यामुळे ही उत्तरे तटस्थ माणसाची नाहीत, हे आधीच सांगतो.

कॉलेजच्या मुलांच्या खेळावरून एवढी मोठी माणसे एवढी अस्वस्थ का होतात?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हटली की मैदानाच्या कडेला उभे असलेले वर्गमित्र आणि एखाद-दुसरे प्राध्यापक डोळ्यांसमोर येतात, म्हणून हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या सुमारे 20 लाख आहे आणि कोणत्याही मोठ्या खेळाचा व्यावसायिक संघ या राज्यात नाही. त्यामुळे मक्याच्या शेतांत राहणारा शेतकरी, ओमाहातला विमा कंपनीतला कारकून आणि पश्चिमेकडच्या कुरणांतला गुरे पाळणारा माणूस, या सगळ्यांना एका जागी आणणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल संघ (हा अमेरिकी फुटबॉल, ज्यात चेंडू हातात घेऊन धावतात किंवा फेकतात), ज्याला सगळे ‘हस्कर्स’ म्हणतात. लिंकनमधल्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटे 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत. अलीकडच्या पडत्या काळात काही वेळा उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन ती लहान मुलांना देऊ केली, पण परंपरा मोडू दिली नाही. सामन्याच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर असते, असे इथे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

हा संघ पूर्वी खरोखरच इतका चांगला होता का, की जुनी माणसे वाढवून सांगतात?

खरोखरच होता. बॉब डेव्हेनी 1962 साली प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्या संघाने 1970 व 1971 असे लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांच्यानंतर 1973 पासून 1997 पर्यंत, म्हणजे सलग 25 हंगाम, टॉम ऑस्बोर्न प्रशिक्षक होते. त्यांनी 255 सामने जिंकले, 49 हरले, 3 बरोबरीत सोडवले, आणि एकाही हंगामात त्यांच्या संघाचे विजय 9 च्या खाली गेले नाहीत. 1994, 1995 आणि 1997 ही तीन विजेतेपदे त्यांच्याच काळातली. पुढे याच लोकांनी त्यांना अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात निवडून पाठवले.

मात्र जुन्या काळाची आठवण काढताना एक गोष्ट आमच्यापैकी बरेच जण विसरतात, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑस्बोर्न यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या बाविसाव्या हंगामात मिळाले. कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या ओक्लाहोमाकडून ते पहिली पाच वर्षे ओळीने हरले होते, आणि तेव्हाही त्यांच्याबद्दल कुरकूर करणारे लोक होतेच. तरीही त्यांना वेळ दिला गेला. आजच्या प्रशिक्षकांना ऑस्बोर्न यांच्या मोजपट्टीने मोजणाऱ्यांनी ही बाविसाव्या हंगामाची नोंदही त्याच पट्टीवर करून ठेवावी.

मग घसरण नेमकी कुठून सुरू झाली?

या प्रश्नावर एकाच घरात तीन मते ऐकायला मिळतात, पण माझे उत्तर ठरलेले आहे : 2003 च्या नोव्हेंबरपासून. ऑस्बोर्न यांच्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच प्रशिक्षक झाले होते. 2001 च्या हंगामात त्यांचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला, 2002 मध्ये तो 7 विजय आणि 7 पराभवांवर घसरला, आणि 2003 मध्ये पुन्हा सावरून 9 विजय व 3 पराभव अशी कामगिरी करत असताना, कोलोरॅडोविरुद्धचा शेवटचा सामना जिंकल्यानंतर लगेचच, क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी सोलिच यांना पदावरून दूर केले. संघ सामान्य दर्जाचा होऊ देणार नाही, असे त्यामागचे कारण सांगितले गेले.

त्यांच्या जागी बिल कॅलहन आले, जे त्याआधी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. चेंडू घेऊन धावण्यावर उभी असलेली नेब्रास्काची अनेक दशकांची खेळपद्धत मोडून त्यांनी फेकीवर आधारलेली पद्धत आणली, आणि 2004 मध्ये संघाने 5 विजय व 6 पराभव नोंदवले. 1961 नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त झाले होते, आणि हंगामानंतरच्या निमंत्रित ‘बोल’ सामन्यांत सलग 35 वर्षे खेळण्याची परंपराही तिथेच तुटली. सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि 2005 ते 2020 पर्यंत तिथला संघ त्यांनी उत्तम सांभाळला. अलीकडच्या काळात त्यांना लिंकनमध्ये सन्मानाने परत बोलावले गेले तेव्हा अनेकांच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले असावे. माझ्या मनावरचे तरी झाले. त्यांना काढले त्या वेळी टाळ्या वाजवणारे आमच्यातच होते.

त्यानंतरच्या प्रशिक्षकांचे काय झाले?

बो पेलिनी यांनी 2008 ते 2014 या सात हंगामांत दर वर्षी किमान 9 सामने जिंकले, तरी मोठ्या सामन्यांत मोठ्या फरकाने होणारे पराभव आणि मैदानावरचा त्यांचा तापट स्वभाव यांमुळे त्यांनाही निरोप मिळाला. 2012 साली, नेब्रास्का ज्यात खेळते त्या बिग टेन गटाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने 70-31 असा केलेला पराभव अजूनही इथे कुणी विसरलेले नाही. नंतर आलेले माइक रायली स्वभावाने सौम्य होते, सगळ्यांना आवडायचे. त्यांच्या तीन हंगामांचा हिशेब 19 विजय आणि 19 पराभव असा झाला, आणि शेवटच्या वर्षी संघ 4-8 वर, म्हणजे 4 विजय आणि 8 पराभवांवर, आला.

स्कॉट फ्रॉस्ट यांच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज वेगळा का होतो?

कारण ते घरचे होते. राज्याच्या मध्यभागी असलेल्या वुड रिव्हर या छोट्या गावातला हा मुलगा 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, होता, आणि 2017 मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ 13-0 असा अपराजित राहिला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार करून लिंकनला यायचे ठरवले, तेव्हा या गावात सण असल्यासारखे वातावरण होते. आमच्या गल्लीत एका घरासमोर नाताळच्या दिव्यांच्या माळांतून त्यांच्या नावाची अक्षरे केलेली मी स्वतः पाहिली आहेत. ज्या माणसाकडून अपेक्षाच नव्हती त्याने निराश केले तर माणूस चार दिवसांत विसरतो; आपल्या माणसाने केले तर ते लागते.

आणि निराशा पहिल्याच वर्षी पदरी आली. 2018 मध्ये संघ पहिले सहाही सामने हरला, जे या विद्यापीठाच्या इतिहासात कधीच घडले नव्हते. त्या वर्षापासूनचे हंगाम असे गेले : 4-8, 5-7, 3-5, 3-9, आणि 2022 मध्ये तीन सामन्यांतच कारकीर्द संपली. एकूण 16 विजय आणि 31 पराभव. पण राग या आकड्यांपेक्षा पराभवांच्या पद्धतीचा होता. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत फ्रॉस्ट यांचा हिशेब 5 विजय आणि 22 पराभव असा आहे. नदीपलीकडच्या आयोवाविरुद्ध ते चारही वर्षे हरले, आणि चारपैकी दोन वेळा, 2018 व 2019 मध्ये, प्रतिस्पर्ध्याने अगदी शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून पार करून, सामना नेला. ओमाहात राहणाऱ्यांना पूल ओलांडला की आयोवा लागते, त्यामुळे सोमवारी कचेरीत शेजारच्या टेबलावर तोच विषय असतो.

थोडक्यात हरणे म्हणजे नशीब नाही का? प्रशिक्षकाचा त्यात काय दोष?

हा प्रश्न सर्वांत रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण सगळ्या नाराजीचे मूळ इथेच आहे.

2021 चा हंगाम पाहा. संघ नऊ सामने हरला आणि नऊही वेळा फरक एक आकडी होता. सगळ्या बारा सामन्यांची बेरीज केली तर नेब्रास्काने 335 गुण केले आणि 272 दिले. म्हणजे ज्याने एकूण 63 गुण जास्त केले, तोच संघ 3-9 वर राहिला. एक-दोन सामन्यांत चेंडू वेडावाकडा उसळला तर त्याला नशीब म्हणता येते. नऊ सामन्यांत एकच गोष्ट घडत असेल, तर ती सरावात शिकवली जात नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

त्या वर्षी मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नेब्रास्काच्या बचावफळीने दुसऱ्या अर्धात प्रतिस्पर्ध्याला एकदाही दहा यार्ड पुरे करू दिले नव्हते (चार प्रयत्नांत तेवढे पुढे सरकले तरच चेंडू संघाकडे राहतो); संपूर्ण अर्धात त्यांना मिळून 14 यार्ड मिळाले. आपण 20-13 असे पुढे होतो आणि चार मिनिटांहून कमी वेळ उरला होता. दहा यार्ड पुरे होणार नाहीत असे दिसले, की चेंडू लाथेने दूर भिरकावून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात. त्याला पंट म्हणतात. पंट कोणत्या बाजूला मारायचा हे आधी ठरलेले असते आणि चेंडूमागे धावणारे सगळे खेळाडू त्याच बाजूला धाव घेतात. त्या वेळी आपले सगळे खेळाडू उजवीकडे धावले आणि चेंडू डावीकडे गेला. मिशिगन स्टेटच्या जेडन रीडने तो झेलला तेव्हा त्याच्यासमोर जवळजवळ मोकळे रान होते. 62 यार्ड धावून त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, सामना बरोबरीत आला आणि जादा वेळेत आपण 23-20 असे हरलो. पन्नास-पंचावन्न मिनिटे जिवाचे रान करणाऱ्या त्या बचावफळीच्या हातातोंडाशी आलेला घास एका लाथेने गेला. दोन महिन्यांनी आयोवाविरुद्ध आपण 21-6 अशी आघाडी घेतल्यानंतर त्यांनी आपला पंट अडवला, त्यावरच टचडाउन केला, आणि आपण सामना 28-21 असा गमावला. म्हणजे पुन्हा पंट, पुन्हा शेवटचा टप्पा, पहिले पाढे पंचावन्न.

अशा चुका करणारा खेळाडू असतो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. त्याला ती गोष्ट शंभर वेळा घोटून घ्यायला लावणे, त्यासाठी वेगळा सहायक नेमणे, आठवड्यातला वेळ काढून ठेवणे, हे काम प्रशिक्षकाचे आहे, आणि त्यासाठीच त्याला एवढे वेतन मिळते.

डब्लिनच्या सामन्याचा उल्लेख सारखा का होतो?

27 ऑगस्ट 2022 रोजी हंगामाचा पहिला सामना आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध झाला आणि हजारो नेब्रास्काकर पदरचे पैसे खर्चून तिथे गेले होते. तिसऱ्या टप्प्यात आपण 28-17 असे पुढे होतो. गुण केल्यानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लांब मारायचा असतो. तो मुद्दाम जवळ मारून, दहा यार्ड ओलांडल्यावर स्वतःच झडप घालून परत मिळवण्याच्या युक्तीला ऑनसाइड किक म्हणतात. ही युक्ती बहुधा मागे पडलेला, वेळ संपत आलेला संघ वापरतो, कारण ती फसली तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू निम्म्या मैदानावरच मिळतो. अकरा गुणांनी पुढे असताना फ्रॉस्ट यांनी ती वापरली, ती फसली, नॉर्थवेस्टर्नने लगेच टचडाउन केला आणि शेवटी सामना 31-28 असा जिंकला. निर्णय आपलाच होता, हे फ्रॉस्ट यांनी नंतर मान्य केले; त्यांचा तो प्रामाणिकपणा मला आवडला होता. पण त्या दिवसानंतर त्यांच्या बाजूने बोलणारे आमच्या ओळखीत फार थोडे उरले.

दोन आठवड्यांनी, 10 सप्टेंबरला, जॉर्जिया सदर्न या तुलनेने लहान संघाने लिंकनमध्येच आपल्याला 45-42 असे हरवले आणि 642 यार्ड काढले. घरच्या मैदानावर 35 किंवा त्याहून जास्त गुण केल्यानंतर नेब्रास्का त्याआधी 214 सामन्यांत एकदाही हरले नव्हते. दुसऱ्याच दिवशी क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी फ्रॉस्ट यांना पदमुक्त केले.

एवढे पराभव होऊनही त्यांना आधीच का काढले नाही?

पैसा आणि माया, दोन्ही कारणे होती. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काढण्याऐवजी त्यांचे वार्षिक वेतन 50 लाख डॉलरवरून 40 लाखांवर आणले गेले आणि आक्रमणाच्या बाजूचे चार सहायक बदलले गेले. माझ्या मते ती चूक होती. 3-9 नंतर जे स्पष्ट दिसत होते त्यासाठी आणखी एक वर्ष थांबल्याने खेळाडूंचे वर्ष वाया गेले. तरीही 2003 मध्ये घाई करून पोळलेल्या माणसांनी या वेळी ताकही फुंकून प्यायले, तर त्यांना फार बोल लावता येत नाही.

काढलेल्या प्रशिक्षकालाही कोट्यवधी डॉलर मिळतात, हे खरे आहे का? ते कुणाच्या खिशातून जातात?

खरे आहे. करार मुदतीपूर्वी मोडला तर उरलेल्या वेतनाचा ठरावीक भाग द्यावा लागतो. फ्रॉस्ट यांना सुमारे दीड कोटी डॉलर देणे होते. तोच निर्णय 1 ऑक्टोबरपर्यंत लांबवला असता तर ती रक्कम निम्मी, म्हणजे 75 लाखांवर आली असती. तीन आठवडे थांबण्याऐवजी विद्यापीठाने तेवढी रक्कम जास्त मोजली, यावरून परिस्थिती कुठवर आली होती ते कळते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये जिंबो फिशर यांना काढताना सात कोटी डॉलरहून अधिक देणे पत्करले, त्यामानाने ही रक्कम लहानच. नेब्रास्कात हा खर्च क्रीडा विभागाच्या स्वतःच्या उत्पन्नातून होतो, म्हणजे तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क आणि देणग्या. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून तो जात नाही, असे मी काळजीत पडलेल्या पालकांना दर वर्षी सांगतो; पण तिकीट घेणारे आम्ही असल्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला आहे, असेही मानतो.

खेळाडूंवर राग काढणे योग्य आहे का?

नाही. त्यांना आता नाव-प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे मिळतात, ही मुभा 2021 च्या जुलैपासून आहे, म्हणून काहीही बोलायला हरकत नाही असा युक्तिवाद कानावर येतो. तो मला पटत नाही. चेंडू हातातून सुटलेल्या मुलाची आई पुष्कळदा तीन ओळी पुढेच बसलेली असते.

सध्याचे प्रशिक्षक मॅट रूल यांच्याबद्दल लोकांचे मत काय आहे?

सावध आशा, असे म्हणता येईल. रूल यांनी टेंपल आणि बेलर या दोन विद्यापीठांचे ढासळलेले संघ उभे केले होते. बेलरमध्ये तर पहिल्या वर्षी 1-11 असलेला संघ तिसऱ्या वर्षी 11-3 वर पोहोचला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याशी आठ वर्षांचा, 7.4 कोटी डॉलरचा करार झाला. पहिल्या हंगामात संघ 5-3 वर असताना शेवटचे चारही सामने हरला, सगळे सात किंवा त्याहून कमी गुणांनी, आणि जुनी जखम पुन्हा उघडी पडली. 2024 मध्येही 5-1 अशा सुरुवातीनंतर चार पराभव ओळीने झाले, त्यांतला इंडियानाविरुद्धचा 56-7 असा होता. त्या आठवड्यात गावात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. नंतर विस्कॉन्सिनला 44-25 असे हरवून सहावा विजय मिळाला, 2016 नंतर प्रथमच बोल सामन्याचे निमंत्रण आले आणि 28 डिसेंबरला न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजवर 20-15 अशी मात करून हंगाम 7-6 वर संपला. ऑस्बोर्न यांच्या काळात 7-6 म्हणजे आपत्ती मानली गेली असती. आम्ही त्या रात्री फटाके उडवले.

एवढे हाल होऊनही लोक स्टेडियममध्ये जातात तरी कशासाठी?

माझ्या शेजारच्या आसनावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसतात. डेव्हेनी यांच्या काळापासून त्यांच्या कुटुंबाकडे ती दोन आसने आहेत. दुसऱ्यावर त्यांच्या पत्नी बसायच्या, आता नात बसते. त्यांच्याकडे एक लहान वही असते, तीत ते प्रत्येक पंट कुठे पडला आणि किती यार्ड परत आला ते पेन्सिलीने लिहितात. जॉर्जिया सदर्नने शेवटच्या मिनिटात टचडाउन केला तेव्हा भोवतालचे लोक उठून जायला लागले होते. ते बसून राहिले. आपला फील्ड गोल हुकला, सामना संपला, पाहुण्या संघाची मुले नाचत बोगद्याकडे निघाली, आणि इथल्या जुन्या रीतीप्रमाणे हे गृहस्थ उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. मग खाली बसून त्यांनी वहीत तारीख घातली, गुण लिहिले, पेन्सिल खिशात ठेवली आणि नातीला विचारले, पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा आहे, किती वाजता निघायचे?